साथीदाराची रचना : गोविंदराव टेंबे यांच्या संगीताकडे पाहताना

मराठी नाट्यसंगीताचा इतिहास आपण गळ्यांच्या नावांनी लक्षात ठेवतो. भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व, केशवराव भोसले, दीनानाथ मंगेशकर अशी ती मालिका आहे. ज्यांनी या गळ्यांना चाली दिल्या, त्यांची नावे जाहिरातीतल्या बारीक अक्षरांत राहिली, आणि त्यातही जो हाताने पेटी वाजवणारा होता त्याला तर रचनाकार म्हणून गंभीरपणे घ्यायची आपल्याला सवयच लागली नाही. गोविंद सदाशिव टेंबे (1881–1955) यांच्या वाट्याला हेच आले. हार्मोनियमवादक म्हणून त्यांची कीर्ती मोठी होती. ‘संगीत मानापमान’चे संगीतकार, ‘अयोध्येचा राजा’मधले हरिश्चंद्र, ‘माझा संगीत व्यासंग’चे लेखक हे सगळे गोविंदरावच, हेही अनेकांना माहीत असते. पण या साऱ्या कामांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे त्यांची पेटी, असे सहसा कोणी म्हणत नाही. या प्रस्तावनेत तेच मांडायचे आहे. गोविंदराव मोठे रचनाकार झाले ते पेटीवादक असूनसुद्धा नव्हे, तर पेटीवादक असल्यामुळे. त्यांच्या चालींची घडण साथीदाराच्या कानातून झाली आहे, आणि साथीदाराचा कान हा रचनेचा एक स्वतंत्र आणि उंच दर्जाचा उगम आहे.

युरोपात असा प्रश्न कुणी विचारला नसता. फ्रान्ट्स लिस्ट (1811–1886) या हंगेरियन कलावंताच्या बाबतीत पियानोवर चालणारा हात आणि रचना करणारे डोके वेगळे काढायचे कुणाच्या मनातही येत नाही. लिस्ट जन्मला तेव्हाच्या हंगेरी राज्यातल्या रायडिंग या गावी, जे आज ऑस्ट्रियात आहे. तरुणपणी त्याने युरोपभर दौरे केले, 1847 मध्ये पैसे घेऊन जाहीर मैफली करणे थांबवले, आणि वायमारला राहून वाद्यवृंदासाठी व पियानोसाठी आपले मोठे लेखन केले. बेथोव्हनच्या नवही सिंफनी त्याने एकट्या पियानोवर वाजतील अशा उतरवल्या. शूबर्टची पन्नासांहून अधिक गाणी गायकाविना, केवळ दोन हातांत बसवली. दुसऱ्याचे संगीत आपल्या वाद्यावर आणताना तो रचनाकार म्हणून वाढत गेला. गोविंदरावांचे नाव लिस्टशेजारी ठेवण्याचे कारण एवढेच आहे. दोघांत तुलना करून कोण थोर ते ठरवायचे नाही. दोघांनीही कळफलकावर बसून दुसरीकडचे संगीत उचलले, वेगळ्या ठिकाणी नेले, आणि नेता नेता त्याचे रूप बदलले. त्या दोघांच्या नेण्यात फरक कुठे पडतो, हे पाहिले की गोविंदरावांचे वेगळेपण हाती लागते.

आधी नाटकाकडे वळू. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (1880) आणि ‘सौभद्र’ (1882) या नाटकांनी संगीत रंगभूमीचा पाया घातला. त्यांतल्या चाली कीर्तनातून, साकी-दिंडीतून, लावणीतून आणि कर्नाटकातून आलेल्या होत्या. श्रोत्याच्या ओळखीच्या चालीत नवे शब्द बसत. पदे पुष्कळ असत आणि कथा पदांतूनच पुढे सरके. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘मानापमान’ किर्लोस्कर नाटक मंडळीने 12 मार्च 1911 रोजी रंगभूमीवर आणले, तेव्हा गोविंदरावांनी या साच्याबाहेर पाऊल टाकले. पूर्वेकडची ठुमरी, दादरा, कजरी, गझल यांचे वळण त्यांनी मराठी पदांत आणले. हे बोलायला सोपे वाटते. ठुमरीत शब्द थोडे असतात आणि एकेका शब्दाशी खेळत त्यातून निरनिराळे भाव काढायचे असतात. मराठी नाट्यपदात शब्द भरगच्च असतात, प्रत्येक अक्षर प्रेक्षकाला कळावे लागते, आणि पद संपले की पुढच्या संवादाची वेळ होते. ठुमरीचा संथ विस्तार या चौकटीत मावत नाही. मग तिच्यातले काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हे ठरवणे हेच रचनाकाराचे काम होते.

हे ठरवण्याची बैठक गोविंदरावांकडे कुठून आली? साथीला बसणाऱ्याला गायकाची पुढची जागा गायकाच्या अर्धा क्षण मागे ओळखावी लागते. त्याला सगळी तान वाजवायची नसते. तान कोणत्या स्वरावर टेकणार आणि कुठून परतणार, एवढे त्याने अचूक धरले तर साथ जमते. भास्करबुवा बखल्यांच्या साथीला गोविंदराव बसत. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाला असलेल्या अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे त्यांनी वर्षानुवर्षे ऐकले आणि पुढे खाँसाहेबांचे चरित्रही लिहिले. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर यांच्या खोल पाण्यातून जाणाऱ्या या गायकांमागे पेटीवर बसून जो कान तयार होतो, तो आलापातला मांसल भाग बाजूला सारून त्याचा सांगाडा पाहायला शिकतो. पेटीच्या स्वभावानेही यात भर टाकली. पट्टी दाबली की स्वर लागतो, सोडली की थांबतो. भात्याने जोर कमी-जास्त करता येतो, पण एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाता येत नाही. मींड हवी तर कणस्वरांनी, चपळ स्पर्शांनी तिचा भास द्यावा लागतो. असा भास देणाऱ्याला मुळात त्या मींडेत कोणते स्वर खरे आहेत आणि कोणते फक्त वाटेतले आहेत, याचा निर्णय क्षणोक्षणी करावा लागतो. ‘मानापमान’ची पदे ऐकताना हा निर्णय जाणवतो. ठुमरीचा लाडिक, हळवा वळसा त्यांत आहे, पण तो ठरावीक मोक्याच्या जागीच येतो. बाकी चाल सरळ, सुटसुटीत, बोलण्याच्या अगदी जवळची आहे.

आणि ही सुटसुटीत चाल एका विशिष्ट गळ्यासाठी होती. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व होते; तेव्हा त्यांचे वय अवघे 22 वर्षांचे होते. श्रीमंताची लेक असलेली भामिनी गरीब शिपायाला, धैर्यधराला, नाकारते, अपमान करते आणि पुढे वेश पालटून त्याच्याच प्रेमात पडते. रुसवा, मान, लटका राग, मग शरण जाणे हा ठुमरीच्या नायिकेचाच भावक्रम आहे. तेव्हा ठुमरीचे वळण वरून चिकटवलेले नव्हते, ते नाटकाच्या कथेनेच मागितले होते. बालगंधर्वांच्या गळ्यात पल्लेदार तानांपेक्षा लोचदार, छोट्या हरकती अधिक शोभत. गोविंदरावांनी त्या हरकती रचनेत लिहून ठेवल्या नाहीत. त्यांच्यासाठी मोकळ्या जागा ठेवल्या. हे मला त्यांच्या रचनेतले सर्वांत महत्त्वाचे वैशिष्ट्य वाटते. पुढे केशवराव भोसल्यांनी धैर्यधराची पदे आपल्या दमदार आवाजात गायली. 8 जुलै 1921 रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाला, तेव्हा बालगंधर्व आणि केशवराव हे पूर्णपणे भिन्न गळे एकाच नाटकात उभे राहिले आणि नाटक दोघांनाही पेलले. दीनानाथ मंगेशकरांनी तर धैर्यधराची पदे आपल्या आक्रमक ढंगात अशी बदलली की कित्येकांना तीच मूळ वाटू लागली. ज्या रचनेत एवढ्या भिन्न गायकांना घर मिळते, तिच्या भिंती योग्य ठिकाणीच उभ्या आहेत असे म्हणावे लागते.

लिस्ट आणि गोविंदराव यांची वाट इथे फुटते. शूबर्टच्या ‘अर्लकोनिग’ या गाण्याचे लिस्टचे पियानोरूप पाहा. बाप, मुलगा, भूत, निवेदक यांचे आवाज आणि घोड्याच्या टापा असे सगळे तो दोन हातांत कोंबतो. गायकाची गरजच उरत नाही. लिस्ट ज्या वाद्यावर येतो ते भरून टाकतो, आणि श्रोत्याला चकित करण्यात त्याचा आनंद आहे. गोविंदराव याच्या उलट दिशेला जातात. कोठ्यावरच्या किंवा दरबारी मैफलीतल्या भरलेल्या गाण्यातून ते रिकामे करत येतात, आणि तो रिकामा भाग दुसऱ्याच्या गळ्याच्या स्वाधीन करतात. एका अर्थाने लिस्टने एकट्याचा आवाज सगळ्यांच्या जागी उभा केला, तर गोविंदरावांनी आपल्या एकट्याच्या हातातली चाल दुसऱ्याला पूर्ण करायला दिली. पहिली रीत एकलवादकाची आहे आणि दुसरी साथीदाराची. आपल्याकडे दुसरीची किंमत कमी धरली गेली, कारण जो मागे बसतो त्याचे काम आपोआप होते असा समज असतो. मुंबईच्या उपनगरांतल्या कुठल्याही सभागृहात, विलेपार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहात किंवा मुलुंडच्या कालिदासमध्ये, नाट्यसंगीताचा कार्यक्रम असला की जाहिरातीत गायकांची छायाचित्रे असतात आणि पेटी-तबल्याची नावे एका ओळीत आटोपतात. ही सवय जुनी आहे.

आता या मांडणीवर जे आक्षेप येऊ शकतात त्यांकडे पाहिले पाहिजे, कारण ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप असा की, ज्या चाली आधीपासून होत्या त्या उचलून मराठी शब्दांत बसवणे ही रचना कशी? गोविंदरावांनी तयार ठुमऱ्या-दादरे घेतले, शब्द खाडिलकरांचे होते, रंग बालगंधर्वांनी भरला. मग संगीतकाराचे असे काय उरले? याच प्रश्नाला लिस्टच्या बाबतीत एक प्रसिद्ध उत्तर आहे. त्याने आपल्या ‘हंगेरियन रॅप्सोडी’ हंगेरीतल्या रोमा वाद्यवृंदांकडून ऐकलेल्या सुरावटींवर उभारल्या आणि 1859 साली एक पुस्तक लिहून हे संगीत रोमांचे असल्याचा दावाही केला. पुढे बेला बार्टोकने खेडोपाडी फिरून लोकगीते जमवल्यावर दाखवून दिले की रोमा वादक वाजवत होते त्यातले बरेचसे संगीत शहरी हंगेरियन रचनाकारांच्या लोकप्रिय गाण्यांचे होते, शेतकऱ्यांचे खरे लोकसंगीत वेगळेच होते. म्हणजे लिस्टचा मूळ स्रोताबद्दलचा समज चुकीचा होता. तरीही 1936 मध्ये लिस्टबद्दल बोलताना बार्टोकने त्याला मोठा रचनाकारच मानले, कारण उचललेल्या सुरावटींचे लिस्टने काय केले हे त्याला महत्त्वाचे वाटले. गोविंदरावांना हीच कसोटी लावावी. कोणती चाल कुठून आली, ही माहिती इतिहासाला हवीच. पण तिच्यातून काय काढले, कुणासाठी काढले, नाटकातल्या कोणत्या क्षणी ठेवले, यावर रचना ठरते. ठुमरी ऐकलेले लोक त्या काळी हजारो होते. मराठी रंगभूमीवर तिचे काय होईल हे ज्याला दिसले तो एक होता.

मात्र या उत्तराने एक ऋण फिटत नाही, आणि ते इथे नोंदवणे आवश्यक आहे. ठुमरी, दादरा, कजरी हे प्रकार वाढवले ते मुख्यतः पेशेवर गायिकांनी. गौहरजानने 1902 साली कोलकात्यात ध्वनिमुद्रण केल्यापासून ध्वनिमुद्रिकांच्या प्रसारात पहिली काही वर्षे त्याच पुढे होत्या. त्यांचे गाणे गोविंदरावांच्या हातून मराठी मध्यमवर्गाच्या घरात आले खरे, पण ते एका पुरुष नटाच्या तोंडून, कुलीन नायिकेच्या भूमिकेतून आले. पार्ल्याच्या किंवा घाटकोपरच्या कुटुंबात आज आजीपासून नातीपर्यंत जे पद म्हटले जाते, त्याच्या मागच्या बाईचे नाव घरात कुणालाही माहीत नसते. हा अन्याय गोविंदरावांनी एकट्याने केला नाही. समाजानेच त्या गायिकांना बाहेर ठेवून त्यांचे गाणे आत घेतले. गोविंदरावांनी आपल्या ‘माझा संगीत व्यासंग’ या पुस्तकात ऐकलेल्या गायक-गायिकांविषयी आस्थेने लिहिले, हे त्यांच्या बाजूने नोंदवता येईल. पण त्यांच्या संगीताचा अभ्यास करणाऱ्याने या गायिकांकडे परत जाणे हे आता आपले काम आहे.

दुसरा आक्षेप पेटीवरच आहे, आणि तो अधिक तिखट आहे. हार्मोनियम हे मुळात युरोपीय वाद्य. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने ते 1840 च्या सुमारास घडवले, आणि कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याला जमिनीवर बसून एका हाताने भाता मारता येईल असे रूप दिले. त्याचे बारा स्वर ठरीव अंतरावर बसवलेले. आपल्या रागांतले सूक्ष्म स्वरभेद, गमक, मींड त्यात नाहीत. आकाशवाणीने 1 मार्च 1940 पासून हार्मोनियमवर बंदी घातली, ती 1971 पर्यंत राहिली. जॉन फोल्ड्ससारख्या संगीतज्ञाने या वाद्यावर कडवट टीका केली होती आणि रवींद्रनाथ टागोरांनीही बंदीला पाठिंबा दिला. या सगळ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या गाण्याचा प्राण श्रुतींत आहे त्याच्या मागे पेटी सतत खणखणत राहिली तर गळा हळूहळू पेटीच्या अंतरांत बसू लागतो, आणि हे नुकसान लहान नाही. पण या आक्षेपाने गोविंदरावांच्या रचनेला धक्का बसत नाही. त्यांच्या नाट्यपदांत पेटीवर वाजेल एवढेच गाणे नाही. पेटीने सांगाडा निश्चित केला आणि श्रुतींचे काम गळ्यावर सोपवले. ज्या वाद्यात मींड नाही त्या वाद्यावर बसून रचलेली चाल बालगंधर्वांच्या गळ्यात मींडांनी भरून गेली. वाद्याची उणीव रचनेत उतरली ती मोकळ्या जागेच्या रूपाने. गोविंदरावांच्या आयुष्याची शेवटची पंधरा वर्षे या बंदीच्या काळातच गेली. 1955 मध्ये ते वारले तेव्हाही त्यांचे वाद्य सरकारी ध्वनिक्षेपणाबाहेर होते. आपण त्यांच्या रचनेकडे दुर्लक्ष केले, त्याचे एक कारण हेही असावे. ज्या पिढीला रेडिओने अभिजात संगीत शिकवले, त्या पिढीसाठी पेटी हे वाद्य घरचे आणि दुय्यम दर्जाचे राहिले.

चित्रपटातही गोविंदरावांनी हाच धागा सोडला नाही. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ 1932 मध्ये आला. तेव्हा पार्श्वगायन नव्हते; पडद्यावर दिसणाऱ्यालाच गावे लागे. हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत दोन्ही गोविंदरावांकडे. तारामती झालेल्या दुर्गा खोटे रंगभूमीवर घडलेल्या गायिका नव्हत्या. त्यांच्यासाठी चाल करताना नाट्यपदाचा विस्तार उपयोगाचा नव्हता. तारामतीच्या अंगाईची चाल मोजक्या स्वरांत फिरते, आवाज चढवत नाही, आणि साध्या गळ्याला तोलून जाते. बालगंधर्वांना जागा देणारा रचनाकार इथे अप्रशिक्षित गळ्यालाही जागा देतो आहे. त्याच वर्षीच्या ‘माया मच्छिंद्र’मध्येही ते पडद्यावर आणि संगीतात होते. चित्रपटातले त्यांचे काम थोडे आणि ध्वनिमुद्रणाची साधने अपुरी, म्हणून त्याबद्दल यापलीकडे फारसे सांगण्यासारखे नाही.

साथीदाराच्या कानातून रचना होते, हे एकट्या गोविंदरावांवरून सिद्ध होत नाही, असेही कुणी म्हणेल. म्हणून उपनगरातले उदाहरण घेतो. जोगेश्वरी आणि विलेपार्ल्यात वाढलेले पु. ल. देशपांडे लेखक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे पेटीवादन त्यांच्या विनोदाचा एक लडिवाळ जोड म्हणून सांगितले जाते. मला हे उलट वाटते. 1953 मध्ये एकाच वर्षी आलेल्या ‘देवबाप्पा’ आणि ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटांचे संगीत पुलंचे. ‘देवबाप्पा’त आशा भोसल्यांनी गायलेले मोराचे गाणे आजही शाळा-शाळांत म्हटले जाते, ते पेटीच्या चार पट्ट्यांत लहान मूलही शोधून काढते. ‘गुळाचा गणपती’त भीमसेन जोशींनी गायलेल्या अभंगाची चाल अशी आहे की ख्यालगायकाला आलाप-तानांना भरपूर वाव मिळतो आणि तरी मुखडा कुणालाही गुणगुणता येतो. एका बाजूला मुलाचा गळा, दुसऱ्या बाजूला भीमसेनांचा. दोन्ही ठिकाणी रचनाकाराने आपण किती बोलायचे आणि गाणाऱ्याला किती बोलू द्यायचे हे नेमके ओळखले आहे. मोठमोठ्या गायकांच्या मैफलीत पेटीवर बसणाऱ्या हातानेच हे ओळखले. पुलंनी गोविंदरावांची नक्कल केली असे मी म्हणत नाही. एकाच प्रकारच्या कानाने दोन पिढ्यांत सारखे निर्णय घेतले, एवढेच पुराव्यावरून दिसते. पी. मधुकर आणि त्यांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांनी पेटीला एकलवादनाची प्रतिष्ठा दिली, तो प्रवाह वेगळा आणि स्वतंत्र अभ्यासाचा आहे.

शेवटचा आक्षेप काळाचा आहे. 2025 च्या जानेवारीत ‘संगीत मानापमान’ चित्रपटरूपात आला, तेव्हा बोरिवली-अंधेरीच्या मल्टिप्लेक्समध्ये तरुणांनी भामिनी-धैर्यधराची कथा नव्या वाद्यमेळात ऐकली. यावर काहींनी म्हटले की, मूळ चाली आता संग्रहालयाच्या झाल्या. मला असे वाटत नाही. नव्या वाद्यमेळात जे टिकते तेच गोविंदरावांचे आहे, आणि जे टिकत नाही ते बहुधा एखाद्या गायकाच्या गळ्याचे आहे. हे वेगळे काढण्याची संधीच असे नवे रूप देते. ज्यांना हे तपासायचे आहे त्यांनी तीन गोष्टी लागोपाठ ऐकाव्यात. आधी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातल्या एखाद्या गायिकेची ठुमरी किंवा दादरा, मग बालगंधर्वांच्या आवाजातले ‘मानापमान’चे पद, आणि मग तेच पद हल्लीच्या कुठल्याही कलावंताकडून. ऐकताना गाण्याकडे क्षणभर दुर्लक्ष करून मागची पेटी कुठे थांबते तेवढे लक्षात ठेवावे.